नगराध्यक्षाला परत बोलावता येतं का? नाशिक जिल्ह्यातल्या मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये जिल्ह्यातल्या ११ नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या: भगूर, इगतपुरी, त्र्यंबक, सिन्नर, येवला, मनमाड, नांदगाव, चांदवड, सटाणा, ओझर आणि पिंपळगाव बसवंत. बऱ्याच ठिकाणी कित्येक वर्षं प्रशासकाचाच कारभार होता. आता नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आलेत. साहजिकच लोक विचारतात की आम्ही निवडून दिलेला माणूस चुकीचा निघाला, तर त्याला घरी पाठवायचा अधिकार कुणाचा? या प्रश्नावर गावोगाव अर्धवट माहिती फिरते. त्यातून चांगली माणसं महिनोन् महिने चुकीच्या दारात उभी राहतात, म्हणून हे लिहिलं आहे.

मतदार स्वतः मतदान करून नगराध्यक्षाला पायउतार करू शकतात का?

नाही. महाराष्ट्रात तशी तरतूद नाही. नगरपरिषदांचा कारभार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्याने चालतो. या कायद्यात नगराध्यक्षाला हटवायच्या वाटा आहेत, पण त्यांपैकी एकीवरही मतदाराच्या हाती मतपत्रिका दिलेली नाही. निम्म्या शहराच्या सह्या आणल्या तरी नगराध्यक्षाची खुर्ची आपोआप रिकामी होत नाही.

पण शेजारच्या गावात तर सरपंचाला ग्रामसभेने काढलं. मग आम्हाला का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्यामागची तक्रार रास्त आहे.

ग्रामपंचायतीचा कायदा वेगळा आहे. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर कलम ३५ प्रमाणे अविश्वास ठराव आणता येतो. आधी ग्रामपंचायतीच्या तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर करावा लागतो. मग विशेष ग्रामसभा बोलावतात आणि तिथे गावातले मतदार गुप्त मतदान करतात. ठरावाच्या बाजूने बहुमत झालं तरच सरपंच जातो, नाहीतर राहतो. निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षं आणि मुदत संपायच्या आधीचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. म्हणजे सुरुवात सदस्यांनी करायची आणि शेवटचा शब्द गावाचा.

त्याच कायद्यातलं कलम ३९ तर थेट मतदारांच्या हातात आहे. वर्षाचा जमाखर्च आणि विकासकामांच्या खर्चाचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवला नाही, फलकावर लावला नाही, तर गावातले २० टक्के मतदार तक्रार करून सरपंचाला पदावरून दूर करण्याची मागणी करू शकतात. एकच अट, तक्रारदारांची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरलेली हवी.

आता ओझर आणि पिंपळगाव बसवंतकडे बघा. काही वर्षांपूर्वीपर्यंत या दोन्ही ग्रामपंचायती होत्या. नगरपरिषद झाल्यावर तिथल्या मतदारांची ग्रामसभा गेली आणि तिच्यासोबत कलम ३५ आणि ३९ सुद्धा गेलं. गाव शहर झालं, निधी वाढला, आणि कारभाऱ्याला जाब विचारायचा सगळ्यात धारदार अधिकार मात्र कमी झाला. हे कुणी ठरवून केलं असं नाही. दोन कायदे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या वाटेने वाढले, एवढंच. पण शहरातल्या मतदाराला गावातल्या मतदारापेक्षा कमी अधिकार असावा याला कोणतंही समर्थन नाही, आणि ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदारापुढे ठासून मांडायला हवी.

मग नगराध्यक्षाला काढतं कोण?

तीन जण काढू शकतात: नगरसेवक, राज्य शासन, आणि अपात्रतेच्या बाबतीत जिल्हाधिकारी किंवा न्यायालय. नागरिकांचं काम या तिघांपैकी योग्य जागी योग्य कागद पोचवणं हे आहे.

नगरसेवकांची वाट कशी असते?

नगराध्यक्षाची निवड थेट की नगरसेवकांतून, हे सरकार बदललं की बदलत आलं आहे. २००१ मध्ये थेट, २००६ मध्ये नगरसेवकांतून, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये परत थेट. प्रत्येक वेळी हटवायचे नियमही बदलले. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाला निवडून आलेल्या नगरसेवकांनी दोन तृतीयांश बहुमताने दूर करावं, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक घेऊन वकिलाकडे जाऊ नका. सुधारणांसह कलम ५५ ची ताजी प्रत आधी मिळवा.

दोन तृतीयांश म्हणजे २१ नगरसेवकांच्या सभागृहात १४. हा आकडा एका पक्षाच्या जोरावर क्वचितच जमतो. शिवाय पक्षादेश असतो. स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्यामुळे पक्षाचा व्हिप मोडणाऱ्या नगरसेवकाचं पद जाऊ शकतं आणि ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतं. म्हणून ठराव यायच्या आधी नगरसेवक सहलीला जातात, फोन बंद होतात, आणि शहराचा निर्णय भलत्याच गावच्या हॉटेलात होतो. नागरिकांनी या वाटेने जाताना सावध असावं. आपल्या खऱ्या तक्रारीवर स्वार होऊन दुसरा गट खुर्ची मिळवतो आणि तक्रार तिथेच राहते.

यावर उपाय एकच. नगरसेवकाला ‘ठरावाला मत द्या’ म्हणण्याआधी, ‘या पाच कामांची चौकशी झाली पाहिजे’ असं सभागृहात लेखी मांडायला लावा. ते इतिवृत्तात आलं की पुढे कुणीही खुर्चीवर बसो, ते मागे घेता येत नाही.

शासन नगराध्यक्षाला केव्हा काढू शकतं?

कलम ५५ अ मध्ये कारणं दिली आहेत: कर्तव्य बजावताना गैरवर्तन, कर्तव्यात हयगय, कर्तव्य पार पाडण्याची असमर्थता, किंवा लाजिरवाणं वर्तन. नगराध्यक्षाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येत नाही. साधारणपणे तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, चौकशी होते, अहवाल नगरविकास विभागाकडे मंत्रालयात जातो, तिथे सुनावणी होऊन आदेश निघतो. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागता येते. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो, औरंगाबाद खंडपीठाखाली नाही.

इथे उरणचं प्रकरण प्रत्येकाने समजून घ्यावं. रायगड जिल्ह्यातल्या उरण नगरपरिषदेच्या नगराध्यक्षांना चढ्या दराच्या निविदांवरून ५५ अ आणि ५५ ब (पुढच्या अपात्रतेचं कलम) खाली दूर केलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाला हटवणं ही गंभीर बाब आहे, त्यासाठी पुरावा पक्का हवा आणि कार्यपद्धती काटेकोर हवी, ही न्यायालयाची भूमिका होती. तक्रारदाराने जणू आपलंच भांडण असल्यासारखं प्रकरण लढवावं, हेही न्यायालयाला मान्य नव्हतं.

बरेच कार्यकर्ते हा निकाल ऐकून खचतात. माझ्या मते तो आपल्याही उपयोगाचा आहे. काय टिकतं आणि काय टिकत नाही हे त्याने सांगितलं. ‘मनमानी करतात, लोकांचं ऐकत नाहीत’ हे वाक्य टिकत नाही. अमुक तारखेच्या अमुक ठरावाने, अमुक नियम डावलून, अमुक रकमेचं काम दिलं आणि आक्षेप नोंदवूनही बिल काढलं, हे टिकतं.

नगराध्यक्ष अपात्र ठरू शकतो का?

हो, आणि पुष्कळदा हीच वाट सर्वांत सरळ असते, कारण इथे वर्तनाबद्दल मत द्यायचं नसतं. तीन कारणं वारंवार पुढे येतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर जाणं. स्वतःचं अनधिकृत बांधकाम, किंवा पदाचा वापर करून दुसऱ्याचं अनधिकृत बांधकाम वाचवणं. आणि राखीव जागेवर निवडून येऊन जात पडताळणीचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीत न देणं. निवडणुकीतल्याच गैरप्रकाराबद्दल तक्रार असेल तर मात्र निवडणूक याचिका जिल्हा न्यायालयात करावी लागते आणि तिची मुदत फार थोडी असते: राजपत्रात नावं प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवस. नंतर जागं होऊन उपयोग नाही.

आठ-आठ दिवस पाणी येत नाही. हे कारण पुरेसं नाही का?

मनमाडच्या माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याला कुणी हसू नये. पिढ्यान् पिढ्या पाण्याची वाट बघितलेलं शहर आहे ते. पण कायद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. धरणातच पाणी नाही, योजना शासनाकडे अडली आहे, तर ती नगराध्यक्षाची हयगय म्हणून सिद्ध होत नाही. टाकी भरलेली आहे, पण व्हॉल्व्हमनला सांगून एका भागाला दिवसाआड आणि दुसऱ्याला आठवड्याने पाणी सुटतं, जलवाहिनी दुरुस्तीचा ठराव सहा महिने विषयपत्रिकेवरच घेतला जात नाही, तर ती हयगय ठरू शकते. पाणी सुटलं ती तारीख, वेळ आणि किती मिनिटं चाललं, हे गल्लीतल्या दोन-तीन घरांनी रोज वहीत लिहून ठेवावं. अशी तीन महिन्यांची वही शंभर भाषणांपेक्षा जास्त काम करते.

पुरावा कसा गोळा करायचा?

माहिती अधिकारापासून सुरुवात करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर २० रुपये भरून पहिलं अपील, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील.

‘गेल्या पाच वर्षांतल्या सर्व कामांची माहिती द्या’ असा अर्ज कधी करू नका. त्याला ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असं उत्तर येतं आणि दोन महिने जातात. एकच रस्ता धरा. त्या रस्त्याचा ठराव, अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि बिलाचं प्रमाणक (व्हाउचर), एवढे सहा कागद मागा.

यात मोजमाप पुस्तिका सगळ्यात बोलकी असते. तिलाच कार्यालयात एमबी म्हणतात. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजतो आणि तिच्यात लिहितो, आणि त्यावरूनच ठेकेदाराचं बिल निघतं. समजा एमबीत काँक्रीटची जाडी १५ सेंटिमीटर लिहिली आहे. रस्त्याच्या कडेला जिथे नळजोडणीसाठी चर खणलाय तिथे पट्टी लावा, तारखेसह फोटो काढा. जाडी १० भरली, तर हातात ठोस गोष्ट आली. पुस्तिकेत मोजमापाची तारीख आणि खडी टाकल्याची तारीख यांचाही मेळ बघा. पाऊस कोसळत असताना काँक्रीटीकरण पूर्ण झाल्याची नोंद सापडली, तर ते पान आधी प्रमाणित करून घ्या. माहिती अधिकारात केवळ कागदच नाही, तर कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागायचाही हक्क आहे. तो फार थोडे लोक वापरतात.

दुसरा महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल. नगरपरिषदेचं ऑडिट शासनाचा विभाग करतो आणि आक्षेप परिच्छेदवार लिहिलेले असतात. सरकारच्याच माणसाने नोंदवलेला आक्षेप तक्रारीत जोडला, की तक्रारदारावर ‘राजकीय हेतू’ हा शिक्का मारणं अवघड जातं.

सह्यांच्या मोहिमेला काही अर्थ आहे का?

कायदेशीर वजन नाही. तरीही करा, पण नीट करा. कोऱ्या कागदावर नुसत्या सह्या घेतल्या तर त्यांना किंमत नाही. प्रत्येक पानाच्या वर मागणी पूर्ण छापलेली असावी. खाली रकाने: नाव, प्रभाग, मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, सही, तारीख. यादीतल्या क्रमांकामुळे ही माणसं खरी आहेत हे कुणालाही पडताळता येतं. नगरसेवकापुढे त्याच्याच प्रभागातल्या मतदारांची पानं वेगळी काढून ठेवली, की तो ती लक्ष देऊन वाचतो.

तक्रार कुठे द्यायची?

जिल्हाधिकारी कार्यालय, नाशिक. प्रत नगरविकास विभागाला. एखादा ठरावच बेकायदेशीर असेल, तर कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवायची विनंती जिल्हाधिकाऱ्यांना करा. पैसे जाण्याआधी काम थांबवायचा हा मार्ग आहे आणि पद घालवण्यापेक्षा पुष्कळदा हाच जास्त उपयोगी पडतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनातही प्रकरण नेता येतं. लाच मागितली असेल तर वाट बघू नका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर सांगा.

आवक विभागातून प्रत्येक कागदाची पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

व्हॉट्सॲपवर, फ्लेक्सवर नगराध्यक्षाविरुद्ध लिहिलं तर चालेल का?

कागद दाखवा, विशेषणं लावू नका. ‘या बिलात आणि मोजमापात फरक आहे, खुलासा करा’ असं लिहायला कुणाचीच हरकत असू शकत नाही. ‘चोर’ लिहिलं की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला होऊ शकतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडून तुम्हीच कोर्टाच्या चकरा मारू लागता. मोर्चासाठी पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या. मनाई आदेश चालू असेल तर त्याची तारीख विचारून घ्या.

खरा दोष मुख्याधिकाऱ्याचा असेल तर?

असं पुष्कळदा असतं. मुख्याधिकारी शासनाचा अधिकारी आहे, रोजचा कारभार आणि पैशाचे व्यवहार त्याच्या हातून होतात. त्याच्याविरुद्धची तक्रार वेगळी करा. एकाच अर्जात दोघांना घातलं की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून सुटतात.

नगरपंचायत आणि नाशिक महापालिकेत काय?

निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण, देवळा या नगरपंचायतींना हाच १९६५ चा कायदा लागू आहे. २०२२ च्या सुरुवातीला तिथले नगराध्यक्ष नगरसेवकांनी आपल्यातून निवडले होते, त्यामुळे तिथे सगळं गणित नगरसेवकांच्या संख्येवर चाललं. नाशिक महापालिकेचा कायदा वेगळा. तिथे महापौर १२२ नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडला जातो, मतदार त्याला थेट निवडतही नाहीत.

इतर राज्यांत मतदारांनी नगराध्यक्षाला परत बोलावलं आहे का?

हो. मध्य प्रदेशच्या नगरपालिका कायद्यातल्या कलम ४७ मध्ये ही सोय आली. तीन चतुर्थांश नगरसेवकांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे सही करून मागणी करायची, ती तपासली जाते, आणि मग पूर्ण शहराचं गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. माणूस राहावा असं वाटत असेल तर भरलेल्या खुर्चीला मत, जावा असं वाटत असेल तर रिकामीला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिली दोन वर्षं ही मागणी करता येत नव्हती. या शतकाच्या सुरुवातीला अनूपपूरच्या मतदारांनी अशाच मतदानाने आपल्या नगराध्यक्षांना पदावरून उतरवलं. छत्तीसगडमध्ये २००८ साली नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर या तीन छोट्या शहरांत रिकामी खुर्ची जिंकली.

राजस्थानातली गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. तिथे २०१२ मध्ये बारां जिल्ह्यातल्या मांगरोळला मतदान झालं. नगरसेवकांना अध्यक्ष नको होता, पण लोकांनी त्याला पदावर राखलं. म्हणजे हा अधिकार फक्त माणूस घालवायला नसतो. नगरसेवकांनी घाट घातला तरी लोकांना आपला माणूस वाचवता येतो.

महाराष्ट्रात असं मतदान घेणं जमेल का?

आपल्याकडे दारूचं दुकान बंद करायला आडवी बाटली–उभी बाटली मतदान होतं. २५ टक्के सह्यांवर मागणी होते, सह्या पडताळल्या जातात आणि गुप्त मतदान घेतलं जातं. गावोगावच्या बायकांनी ते लढवून जिंकलं आहे. सह्या तपासायची आणि मतदान घ्यायची यंत्रणा आपल्या महसूल खात्याला ठाऊक आहे. ग्रामसभेचं मतदानही ठाऊक आहे. अडचण आहे ती कायद्यात एक कलम घालण्याची.

याचा वापर बाई किंवा मागासवर्गीय नगराध्यक्षाला छळायला होणार नाही का?

होऊ शकतो, आणि ही भीती हलक्यात घेऊ नये. राखीव जागेवर आलेली बाई स्वतः निर्णय घ्यायला लागली, फाइलवर प्रश्न विचारायला लागली, की तिच्याविरुद्ध सदस्य एक होतात हे गावांनी पाहिलं आहे. म्हणूनच सरपंच सदस्यांतून निवडला जायचा तेव्हाही, राखीव पदावरच्या महिला सरपंचाविरुद्धच्या ठरावाला दोन तृतीयांशऐवजी तीन चतुर्थांश बहुमत लागायचं. परत बोलावण्याचा अधिकार मागताना पहिल्या दोन वर्षांचं संरक्षण, लेखी कारणं, आणि अखेरचा निर्णय नगरसेवकांऐवजी मतदारांचा, या तीन अटी सोडू नयेत. मोहिमेच्या बैठकीत नगराध्यक्षांच्या कामापेक्षा त्यांच्या जातीची किंवा घरातल्या पुरुषांची चर्चा जास्त होत असेल, तर त्या बैठकीतून उठून यावं.

नगराध्यक्ष गेले तर पुढे काय होतं?

नवी निवड होईपर्यंत उपनगराध्यक्ष कामकाज बघतात. पद थेट निवडीचं असल्यामुळे राज्य निवडणूक आयोग पोटनिवडणूक घेतो. ५५ अ खाली काढलेल्या व्यक्तीला उरलेल्या मुदतीत पुन्हा नगराध्यक्ष होता येत नाही आणि ५५ ब खाली सहा वर्षांची अपात्रताही येऊ शकते. तुम्ही दाखल केलेली कामांची तक्रार मात्र आपोआप निकाली निघत नाही. नव्या नगराध्यक्षाच्या पहिल्याच सभेआधी तिची आवक क्रमांकासह प्रत पुन्हा द्या, आणि ठेकेदाराकडून वसुलीचा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लेखी सांगा.